वर्षाचं तिखट करताना हातांची आग कशी टाळावी

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची पसरली, की खान्देशातल्या घरांत वर्षाच्या तिखटाची बोलणी सुरू होतात. मिरची वाळवा, देठ खुडा, कांडून आणा. या कामात हातांची आग झाली की आपण धावतो ते नळाकडे. त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मिरचीला तिखट करतं ते कॅप्सेसिन. १८ कार्बन, २७ हायड्रोजन, ३ ऑक्सिजन आणि एकच नायट्रोजन असा या सेंद्रिय संयुगाचा रेणू. त्याला रंग नाही, वास नाही. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही. तेलातुपात मात्र सहज उतरतं. शेवभाजीवरची तर्री एवढी झोंबते ती म्हणूनच. आणि ते खरोखर भाजतही नाही. साधारण ४३ अंशांवर जागे होणारे उष्णतेचे ग्राही, म्हणजे उष्णता टिपणारी प्रथिनं, आपल्या मज्जातंतूंवर असतात, कॅप्सेसिन त्यांनाच डिवचतं. हा ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी.

आता कामाला लागू. आधी हातमोजे, शक्यतो नायट्राइलचे, कारण पातळ लेटेक्समधून कॅप्सेसिन हळूहळू आत उतरतं. मोजे नसतील तर तळहातांना आणि नखांच्या कडांना गोडेतेल चोळून बसा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, लहान मुलांना लांब बसवा.

देठ खुडताना मिरची उघडली तर आतली फिकट शीर नीट बघा. कॅप्सेसिन तयार होतं ते तिथे. बी तिखट असते असं सगळेच म्हणतात, पण बीला तिखटपणा लागतो तो शिरेला चिकटून. तिखट सौम्य हवं असेल तर शीर काढा. लाल रंगावर जाऊ नका, रंग देणारी द्रव्यं वेगळी असतात; ब्याडगी लालभडक असूनही बेताचीच तिखट. मिरची कडकडीत वाळू द्या. ओल राहिली तर बुरशी धरते, आणि बुरशी धरलेली मिरची टाकूनच द्यावी.

मिक्सरमध्ये दळत असाल तर दळून झाल्याबरोबर झाकण उघडू नका, पूड खाली बसू द्या. नाकातोंडाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचं माणूस असेल तर हे काम डंकावरच पाठवलेलं बरं.

काम संपलं की हात धुण्याचा क्रम महत्त्वाचा. कोरड्या हातांनाच चमचाभर तेल घ्या आणि बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली मिनिटभर चोळा. मग त्यावरच भांड्यांचा लिक्विड साबण, अजून पाणी नाही. चांगला फेसाळला की थंड पाण्याने धुवा. आग उरली तर पुन्हा तेच. त्या दिवशी गरम पाणी टाळा. कॅप्सेसिनने चिडलेल्या ग्राहींना कोमट पाणीही उकळतं वाटतं. दुपारी काहीच न जाणवलेली बाई संध्याकाळी आंघोळीला बसते आणि हात पेटतात, ते यामुळे. ब्लीच वगैरे मुळीच लावू नका.

तोंड पोळलं असेल, म्हणजे कळण्याच्या भाकरीसोबत ठेचा जरा जास्तच झाला, तर दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढून नेतं. पाणी ते नुसतं तोंडभर पसरवतं.

डोळ्याचं मात्र उलट आहे. तिथे तेल नाही, दूध नाही, चोळणंही नाही. स्वच्छ पाण्याची संथ धार दहा-पंधरा मिनिटं सोडा. तरीही दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर डॉक्टर गाठा.

हेच कॅप्सेसिन मलम म्हणून सांधेदुखीवर आणि नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेवर वापरतात. ग्राहींना सतत डिवचत राहिलं की ते थकतात आणि दुखणं कमी जाणवतं. मलम दिवसांतून बऱ्याचदा आणि काही आठवडे लावावं लागतं, सुरुवातीला चुरचुरतं. जखमेवर लावू नका, वरून शेक देऊ नका, आणि लावल्यावर हात धुवा. घरचं तिखट तेलात कालवून गुडघ्याला चोपडण्याचा उद्योग करू नका: त्यात कॅप्सेसिन किती हे कळायला मार्ग नाही, आणि कातडीवर फोड येऊ शकतात.