डेकल पाण्यात टाकण्याआधी

डेकल म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेलवर पाण्यात भिजवून लावायची पातळ फिल्मवरची छापील चिन्हं आणि अक्षरं. ती लावण्याआधी हात लावायचा तो ग्लॉस कोटला, म्हणजे रंगावरच्या चकचकीत पारदर्शक थराला. मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, डेकलच्या फिल्मखाली त्या खाचांत हवा अडकते आणि सुकल्यावर तिरप्या उजेडात चंदेरी धुरकट डाग दिसतो. हेच सिल्वरिंग. म्हणून जिथे डेकल बसणार तिथे तरी ग्लॉस हवाच. तामिया कंपनीचा एक्स-२२ हा पारदर्शक ग्लॉस पुरतो. एक जाड थर नको, दोन-तीन पातळ द्या. नखाच्या टोकाने लपलेल्या जागी दाबून पाहा. ठसा उमटला तर कोट अजून ओला आहे. एरवी २४ तास पुरतात, मुंबईच्या पावसाळ्यात ४८ धरा.

पावसाळ्यात लॅकर (तीव्र थिनरमधला, झटपट वाळणारा कोट) मारायचाच असेल तर एसी ड्राय मोडवर लावून खोली तासभर कोरडी करा. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि कोट दुधाळ होतो. झालाच, तर लेव्हलिंग थिनरचा (सावकाश उडणाऱ्या लॅकर थिनरचा) हलका फवारा बहुतेक वेळा तो साफ करतो. बाहेर धो-धो कोसळत असताना खिडकी उघडी ठेवून एअरब्रश चालवणं म्हणजे मात्र हौसेने संकट ओढवून घेणं.

आता डेकल शीट. ती किटच्या खोक्यात सुटी ठेवू नका, दमट हवेत कागदाला चिकटते. झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ठेवा. जुन्या शीटची फिल्म पिवळी पडली असेल तर शीट पिशवीसकट उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, डेकलची बाजू बाहेर. एप्रिल-मेच्या उन्हात काही दिवसांत फरक दिसतो. जुलैत हा खटाटोप करू नका.

शीट कितीही नवी वाटली तरी चाचणी टाळू नका. नको असलेला एखादा आकडा किंवा कंपनीचं नाव कापून पाण्यात टाका. तुकडे पडले तर सगळ्या शीटवर लिक्विड डेकल फिल्मचा किंवा ग्लॉस लॅकरचा थर द्या आणि वाळू द्या. मात्र या थराने सगळी शीट एकच सलग फिल्म होते, त्यामुळे पुढे प्रत्येक डेकल छपाईच्या काठाला लागून नव्या ब्लेडने कापावा लागतो. बोथट ब्लेडने कड उचकटते. भारतीय विमान असेल तर चाचणीला एक जादा राउंडेलच, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्हच, घ्या. बाहेरचा केशरी, मधला पांढरा, आतला हिरवा. यातला केशरी पातळ छापला असेल तर खालचा गडद करडा रंग त्यातून डोकावतो आणि केशरीचा मातकट होतो. तसं दिसलं तर खाली पांढरी चकती आधी लावण्याची सोय करा. तोच तुकडा रंगवलेल्या भंगार प्लास्टिकवर लावला की सॉफ्टनर (फिल्म मऊ करणारं द्रव, खाली येणारं मायक्रो सोल) रंगाला खातो का, हेही कळतं.

टेबलावर एवढं हवं: कोमट पाण्याची उथळ बशी, टोकाला दातेरी नसलेला चपटा चिमटा, ० नंबरचे दोन ब्रश, इअरबड, टिश्यू, डेकल चिकटायला मदत करणारं निळ्या लेबलचं मायक्रो सेट आणि लाल लेबलचं मायक्रो सोल. सेट डेकलच्या खाली, सोल वरून. पॅनेल लाइनवर (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषांवर) आणि उंचवट्यांवर सोलशिवाय फिल्म बसत नाही. सोल लावल्यावर डेकल सुरकुततो, तेव्हा घाबरून बोट लावायचं नाही. आपोआप सपाट होतो. पाणी नळाचं चालतं, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं येत असेल तर आरओचं घ्या, नाहीतर सुकल्यावर पांढरे क्षारांचे डाग राहतात.

डेकल बशीत १०-१५ सेकंद, मग ओल्या टिश्यूवर मिनिटभर. बशीतच तरंगून सुटला तर गोंद धुऊन जातो.

सूचनापत्रकाची झेरॉक्स काढा आणि लावलेल्या प्रत्येक क्रमांकावर टिक करा. १/४८ मापाच्या जेटला बारीक स्टेन्सिल (सूचना-इशाऱ्यांच्या छोट्या ओळी) शंभराच्या पुढे जाऊ शकतात आणि अर्ध्यावर गोंधळ होतोच. एका बैठकीत एकच बाजू घ्या, नाहीतर ओल्या डेकलवर अंगठा पडलाच म्हणून समजा. मधली रेषा जुळवायची असेल तिथे मास्किंग टेपचे बारीक तुकडे आधीच लावून ठेवा. घामाने हात तेलकट होतात, म्हणून मॉडेल साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसून वाळवा. ग्लॉस अॅक्रिलिक असेल तर त्यावर स्पिरिट फिरवू नका, कोट निघेल.

डेकल लावायला बसताना पंखा बंद. सुरुवात पोटाखालच्या एखाद्या स्टेन्सिलने करा. आज सोल किती वेळ घेतं याचा अंदाज तिथे येतो आणि चुकलं तरी स्टँडवर कोणाला दिसत नाही.