नवा म्युझिक प्लेअर आणलात? आधी तानपुरा ऐका

नव्या प्लेअरमध्ये कंपनीने भरून दिलेली गाणी कुठल्याही यंत्रावर छान वाजतात. त्यांवरून मत बनवू नका. जी मैफल तुम्हाला समेसकट पाठ आहे, तीच लावा. मी ख्याल ऐकते, बराचसा डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात, त्यामुळे माझ्या कसोट्याही तिथल्याच.

सुरुवात मेमरी कार्डापासून. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कार्डं ढिगाने मिळतात, पण बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. बनावट कार्ड १२८ जीबी दाखवतं आणि थोडं भरलं की पुढच्या फाइली खराब होतात. म्हणून ते कंप्युटरवर एकदा काठोकाठ भरून, फाइली परत उघडून बघा. मग प्लेअरमध्येच फॉरमॅट करा. सीडीचा आवाज, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतो. फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत दाबून ठेवलं की ती बरीच कमी होते आणि आवाजातलं काहीही जात नाही. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी.

आता खरं ऐकणं. रात्री, पंखा बंद करून, गेन (प्लेअर आवाज किती जोराने वाढवतो ते सेटिंग) ‘लो’वर ठेवा आणि आलापाआधीचा नुसता तानपुरा ऐका. प्लेअरची स्वतःची खरखर असेल तर ती इथे सापडते. तबला सुरू झाला की झाकली जाते. त्यानंतर एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारं, रेकॉर्डिंग लावा, आवाज अगदी हळू. गायिकेचा स्वर दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. एका बाजूला झुकला, तर इअरफोन उलटसुलट घाला. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष यंत्रात किंवा इअरफोनमध्ये, तिथेच राहिला तर कानातली रबरी टोपी नीट बसलेली नाही किंवा फरक कानातच आहे. ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिला पैसा लागत नाही.

मैफलीच्या सीडीवर विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) बहुधा वेगळे ट्रॅक असतात. त्या सांध्यावर तानपुरा क्षणभर जरी तुटला तरी रसभंग होतो. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय, चालू करा आणि नेमका सांधाच ऐका. एमपीथ्री बनवताना फाइलीच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता जोडली जाते, म्हणून मैफली फ्लॅकमध्येच ठेवाव्यात.

रागांची नावं देवनागरीत लिहून बघा. काही प्लेअर ‘बिहाग’ची वेलांटी भलत्याच अक्षराला लावतात, जोडाक्षरं फोडतात. ट्रॅकना ०१, ०२ असे आकडे द्या, नाहीतर १ नंतर थेट १० वाजतो.

लोकलमध्ये टचस्क्रीनचा उपयोग शून्य. एक हात कडीला, दुसरा पिशवीवर; खिशात चाचपून थांबवता येईल असं बटण हवंच. स्क्रीन लॉक असतानाही ते चालतं का, हे घरी बघून ठेवा. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज चढवू नका, टोपीचा आकार बदला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलची. रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे.

हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका. बिल आणि खोका तोवर टाकू नका.