जुन्या स्पीकरचा मिडरेंज बोलत नसेल तर

मुंबईच्या चोरबाजारातून किंवा कोणाच्या घरातील आवराआवरीतून आणलेली थ्री-वे स्पीकरची (खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांसाठी तीन वेगळे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असलेली) जोडी लावल्यावर तबला घुमतो, झांजही खणखणते, पण गाणारा मात्र शेजारच्या खोलीत बसून गात असल्यासारखा वाटतो, तेव्हा संशय मिडरेंजवर, म्हणजे मधल्या सुरांच्या ड्रायव्हरवर, घ्यावा. अशा बहुतेक स्पीकरमध्ये साधारण 500 ते 4,000 हर्ट्झचा पट्टा हा ड्रायव्हर सांभाळतो आणि शब्दांचा स्पष्टपणा मुख्यतः याच पट्ट्यात असतो. मात्र संशय आला म्हणून लगेच नवा ड्रायव्हर शोधायला निघू नये. माझ्या अनुभवात दोष ड्रायव्हरपेक्षा त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत अधिक वेळा सापडला आहे.

प्रथम अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर ठेवून रेडिओवरील बातम्या लावाव्यात, कारण निवेदकाच्या आवाजातील उणीव गाण्यापेक्षा चटकन लक्षात येते. नंतर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या पेटीत गेला तर स्पीकर निर्दोष आहे. त्याच पेटीत राहिला तर जाळी काढून, वर्तमानपत्राची सुरळी कानाला लावून एकेक ड्रायव्हर ऐकावा. मिडरेंज पूर्ण मुका आहे, क्षीण आहे की घोगरा, हे इथेच ठरवून घ्यावे, कारण तिन्हींची कारणे वेगळी असतात.

आवाज क्षीण असेल किंवा मधूनच येत-जात असेल, तर पेटीच्या पुढे किंवा मागे मिडरेंजची पातळी कमी-जास्त करणारी खुंटी आहे का ते पाहावे. एआर-३ए किंवा जेबीएल एल-१०० यांसारख्या जुन्या नामांकित स्पीकरमध्येही अशा खुंट्या होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या आतील संपर्क गंजणे स्वाभाविक आहे. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावी. खरखर होऊन आवाज परतला, तर दोष सापडला असे समजून आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा.

आवाज मुळीच नसेल तर मल्टिमीटर लागेल. मी पहिल्यांदा पेटीमागच्या टर्मिनलवरच मीटर लावला, सहा ओहम दिसले आणि सगळे ठीक आहे असे मानून दोन दिवस भलतीकडे शोधत बसलो. ते सहा ओहम वूफरचे, म्हणजे खर्जाच्या ड्रायव्हरचे, होते. मिडरेंजच्या वाटेत सहसा कपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी प्रवाह तो अडवतो, त्यामुळे ड्रायव्हर स्क्रू काढून बाहेर घ्यावा, त्याची निदान एक वायर सोडवावी आणि मगच मोजावे. वायरींचे रंग आधी मोबाइलवर टिपून ठेवावेत, कारण काही रचनांमध्ये मिडरेंज मुद्दाम उलटा (प्लस-मायनस अदलून) जोडलेला असतो. 8 ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साधारण 5.5 ते 7 आणि 4 ओहमचा 3 ते 3.8 दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर टर्मिनलपासून कोनकडे (थरथरणाऱ्या शंकूकडे) जाणारी विणलेली लवचिक तार हलक्या हाताने हलवावी. आकडा क्षणभर जरी उमटला, तरी कॉइल (कोनमागचे तारेचे वेटोळे) शाबूत असून तार तुटलेली आहे. तिथे स्पीकरसाठीच मिळणारी विणीची तार सोल्डर करावी, कारण साधी वायर कंपनाने लवकरच तुटते.

घोगरेपणासाठी कोनच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो समान दाबाने अगदी थोडा आत ढकलावा. घासल्याचा आवाज आला, तर कॉइल जळून फुगली आहे किंवा मध्यातून सरकली आहे, आणि हे काम रिकोनिंग करणाऱ्या (कोन आणि कॉइल नव्याने बसवणाऱ्या) कारागिराचे आहे. घुमटाकार मिडरेंजला मात्र कधीही बोट लावू नये. यामाहा एनएस-१०००एमचा घुमट तर बेरिलियमचा आहे, आणि तो फुटल्यास त्याची धूळ श्वासातून जाणे घातक असते.

कॉइल जळलेली निघाली तरी क्रॉसओव्हर (प्रत्येक ड्रायव्हरला त्याचा पट्टा वाटून देणारे सर्किट) तपासल्याशिवाय नवा ड्रायव्हर बसवू नये. कपॅसिटर शॉर्ट झाला असेल, तर खर्जाचा सारा भार मिडरेंजवर येतो आणि नवा ड्रायव्हरही जळू शकतो. उलट ड्रायव्हर चांगला असून मुका असेल, तर कपॅसिटर आतून तुटलेला (ओपन) असू शकतो किंवा एखादा टाका सुटलेला असतो. बदली कपॅसिटर नॉन-पोलर (प्लस-मायनस बाजू नसलेला), तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा, आणि तो दोन्ही पेट्यांत बदलावा, नाहीतर डावे-उजवे जुळत नाही. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, चिकाटीने फिरल्यास असा माल मिळतो.

ड्रायव्हर बदलावाच लागला, तर केवळ भोकात बसतो म्हणून घेऊ नये. ओहम जुळावेत आणि संवेदनशीलताही (तितक्याच विजेत निघणारा आवाज) जुळावी, कारण 3 डेसिबलचा फरकसुद्धा गायकाला उगाच पुढे आणतो किंवा मागे ढकलतो. जुन्याची पाठ बंद असेल तर नव्याचीही बंदच हवी; उघड्या पाठीचा कोन वूफरच्या हवेने आत-बाहेर ढकलला जातो. बसवताना कडेची गॅस्केट नीट लावावी, वायरी आधी टिपलेल्या रंगांप्रमाणे जोडाव्यात आणि पुन्हा मोनोवर, हळू आवाजात, त्याच बातम्या ऐकाव्यात.