पुण्यातील गच्चीवरून जोडतारे पाहताना

शहराच्या उजेडामुळे पुण्यातील गच्चीवरून दीर्घिका आणि बहुतेक तेजोमेघ दिसेनासे झाले असले, तरी मोठ्या कोनीय अंतराच्या जोडताऱ्यांचे (आकाशात एकमेकांलगत दिसणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोड्यांचे) फारसे बिघडलेले नाही. या जोड्यांतील तारे मुळातच तेजस्वी असल्यामुळे त्यांच्यासाठी काळ्याभोर आकाशापेक्षा स्थिर हवा आणि न हलणारी दुर्बीण अधिक महत्त्वाची ठरते. चांदण्या रात्रीही हे निरीक्षण खुशाल करावे.

आरंभ वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यापासून करावा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास वसिष्ठ बरोबर उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर असतो. त्यामुळे कोथरूडकरांना उत्तरेकडील वेताळ टेकडीचाही अडथळा होत नाही. सप्तर्षींच्या शेपटीत अंगिरा आणि मरीची यांच्या मधला तारा तो वसिष्ठ, आणि त्याला लागून असलेली चौथ्या प्रतीची (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) चांदणी ती अरुंधती. (लग्नात भर दुपारी वधूवरांना दाखवली जाते ती हीच, तेव्हा निदान एकदा ती रात्री पाहणे योग्य होईल.) दोघांमधील अंतर सुमारे १२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, म्हणजे चांगल्या नजरेला दुर्बिणीशिवायही ती वेगळी दिसते.

१० × ५० ची (दहापट वर्धनाची, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, हातात धरली तर तारे थरथरतात, म्हणून ती ट्रायपॉडवर बसवावी. ते शक्य नसल्यास आरामखुर्चीत टेकून कोपरांना आधार द्यावा. आधी उजवे भिंग झाकून मधल्या चक्राने डाव्या डोळ्यासाठी तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत फोकस करावा, मग डावे भिंग झाकून उजव्या नेत्रिकेचे (डोळ्याकडील भिंगाचे) कडे फिरवावे. या जोडीजवळ आठव्या प्रतीच्या आसपासचा एक तारा दिसतो आणि नवशिके त्यालाच वसिष्ठाचा जोडीदार समजतात. खरा जोडीदार वसिष्ठापासून अवघ्या १४ विकलांवर (एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आहे आणि तो वेगळा दिसण्यासाठी ६० मिलिमीटरची छोटी दुर्बीण पुरते. प्रथम सर्वांत कमी वर्धनाची नेत्रिका लावून तारा मध्यभागी आणावा, मग ५० पटींच्या आसपास जावे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्यावरची हवा प्रतिमा उकळल्यासारखी हलवते, म्हणून शेजारच्या इमारतीच्या छपरावरून नजर जाईल अशा दिशेला पाहणे टाळावे आणि घाई नसल्यास अकरानंतर बसावे.

शोधक दुर्बिणीत (मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत) फुलीच्या आकाराच्या बारीक तारा, म्हणजे क्रॉसहेअर, असतील तर एक मापनही करून पाहावे. फुली अशी फिरवावी की दुर्बीण स्थिर असताना तारा एका तारेच्या कडेने सरकत जाईल. वसिष्ठ दुसऱ्या, उभ्या तारेवर आल्यापासून अरुंधती त्याच तारेवर येईपर्यंतचा वेळ मोजावा. तो सुमारे ७८ सेकंद भरतो. खगोलीय विषुववृत्तावरील तारा सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो, परंतु वसिष्ठाची क्रांती (त्या विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) जवळपास ५५ अंश उत्तर असल्यामुळे येथे हा वेग सुमारे ८.६ विकलाच असतो. या हिशेबाने दोघांमधील पूर्व-पश्चिम अंतर ६७० विकलांच्या आसपास निघते, आणि दक्षिणोत्तर अंतर त्यात धरले की वर सांगितलेल्या १२ कलांचा मेळ बसतो. हे गणित स्वतः केल्याशिवाय पुढच्या ताऱ्याकडे वळू नये, असे माझे मत आहे.

पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरअखेरीस, रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास हंस तारकासमूहातील चोचीचा तारा, अल्बिरियो, जवळजवळ डोक्यावर असतो. त्यातील दोन ताऱ्यांमध्ये सुमारे ३५ विकलांचे अंतर असल्याने हातातल्या द्विनेत्रीने ते क्वचितच सुटे होतात, ट्रायपॉडवरील दहापटीच्या द्विनेत्रीने होतात, आणि ३० पटींच्या दुर्बिणीत तर अगदी सहज. एक सोनेरी, दुसरा निळसर. रंग फिके वाटल्यास फोकस किंचित बिघडवावा, म्हणजे प्रकाश पसरून रंग ठळक होतो. सोबत कोणी असेल, तर प्रत्येकाने आपल्याला दिसलेला रंग आधी वहीत लिहावा आणि मगच एकमेकांना विचारावा.