कमरेला रुमाल बांधायचा तर: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्रे काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याच रुमालाने पुसतो. इतक्या बारकाईने सांगितलेल्या कृती शुभवर्तमानांत फार थोड्या आहेत. पाय धुणे हे त्या काळी घरातल्या दासाचे काम. वधस्तंभाच्या आदल्या रात्री ते धन्याने केले, आणि ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. तो उठून बाहेर गेला तो नंतर, तिसाव्या वचनात. ख्रिस्ती सेवेतला त्याग कसा असतो हे शिकायला याहून चांगली जागा नाही. आधी अंगावरचे काहीतरी उतरते, मग दुसऱ्याच्या अंगाला लागेल असे एक साधे काम नीट, शेवटपर्यंत होते.

इथे एकच नेमका प्रसंग धरला आहे. मंडळीतले कोणी पक्षाघाताने, वार्धक्याने किंवा दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले आहे. घरात एकच माणूस रात्रंदिवस त्यांचे करतो आहे. तुमच्यापैकी पाच-सहा जणांना हातभार लावायचा आहे. इच्छा सगळ्यांची खरी असते, तरी दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गट विरतात. त्याची कारणे ठरलेली आहेत आणि टाळता येण्यासारखी आहेत.

काय सोडणार ते आधी ठरवा

अरवना यबूसी आपले खळे आणि बैल दावीद राजाला फुकट द्यायला निघाला होता. दावीदाने ते घेतले नाहीत. ज्यासाठी मला काही पडले नाही त्याचे होमबली मी देवाला अर्पण करणार नाही, असे म्हणून त्याने ५० शेकेल रुपे मोजले (२ शमुवेल २४:२४). सेवेला हाच हिशोब लावा. ‘वेळ मिळेल तेव्हा येईन’ यात काहीच मोजलेले नसते, म्हणून तो वेळ कधी मिळत नाही. कागद घ्या आणि लिहा: आठवड्यातला कोणता वार, कोणते दोन तास, आणि त्या दोन तासांत आत्ता मी काय करतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले तर वार बदला. जिथे तुमचे काहीतरी खरोखर सुटते ती वेळ टिकते, कारण ती तुम्ही जाणूनबुजून दिलेली असते.

इथे एक चूक फार होते. नवरा ‘माझी संध्याकाळ प्रभूला दिली’ म्हणतो आणि घरची मुले, स्वयंपाक, म्हातारी आई हे सगळे बायकोच्या अंगावर पडते. हा त्याग तिचा झाला, आणि तिला कोणी विचारलेही नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने नेमके यालाच बोट लावले आहे: आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावाने बाजूला काढायचे आणि त्यांना रिकाम्या हाताने ठेवायचे. म्हणून तो कागद घरच्यांसमोर ठेवा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच मंडळीत शब्द द्या.

आणखी एक गोष्ट पाळकांनी आणि गट चालवणाऱ्यांनी पक्की धरावी. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो, असे येशू म्हणतो (योहान १०:१८). दुसऱ्याने ओढून घेतलेल्या गोष्टीला त्याग म्हणत नाहीत. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘प्रेम सर्व काही सहन करते’ हे वचन सुनावणे म्हणजे वचनाचा घात आहे. तिला आधी सुरक्षित जागी न्यायचे असते. सेवेच्या पाळीसाठीही कोणाला भरसभेत उभे करून हो म्हणवून घेऊ नका.

विचारायचे कसे

बार्तीमय आंधळा होता हे सगळ्या गर्दीला दिसत होते. तरीही येशूने त्याला विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? (मार्क १०:५१). ‘काही लागलं तर सांगा हं’ हे मात्र विचारणे नव्हे. थकलेल्या माणसाला मदत मागणे हेही एक कामच असते, म्हणून ते कोणी मागत नाही. नेमके बोला: ‘मंगळवारी चार ते सहा मी इथे बसते. तुम्ही झोपा किंवा बाहेर जाऊन या. चालेल?’ त्याला हो किंवा नाही इतकेच उत्तर पुरते.

आजारी माणसाला वेगळे विचारा आणि सांभाळणाऱ्याला वेगळे, एकमेकांदेखत नको. दोघांच्या गरजा बहुधा वेगळ्या निघतात. आजाऱ्याला दाढी करून हवी असते, सांभाळणारीला चार तास सलग झोप हवी असते, आणि एकमेकांसमोर दोघेही ‘आमचं ठीक चाललंय’ म्हणतात. सेवा नाकारली गेली तरी दुखावू नका. येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रानेही आधी नको म्हटले होते. घेणाऱ्यालाही काहीतरी उतरवून ठेवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा, तितक्याच साधेपणाने विचारा.

पाळी

यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जाऊ लागल्या, तेव्हा प्रेषितांनी प्रेमावर प्रवचन दिले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्या हाती सोपवले (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेम आटले म्हणून कोणी वगळले जाते असे नाही, बहुतेकदा काम नेमून दिलेले नसते म्हणून वगळले जाते.

सहा जण, प्रत्येकी आठवड्यातून दोन तास, म्हणजे त्या घराला बारा तास मिळाले. सातवा माणूस फक्त जुळवाजुळव करणारा. त्याने स्वतः पाळी घेऊ नये, म्हणजे कोणी आजारी पडले तर तो बदली जातो. शब्द बारा आठवड्यांचा द्या, मग बसून पुन्हा ठरवा. ‘कायम’ असा शब्द दिला की माणसे सांगून थांबत नाहीत, न सांगता गळतात, आणि त्या घराला ते जास्त लागते.

घरात एक वही ठेवा. प्रत्येकाने निघताना चारच ओळी लिहायच्या: किती वाजता आलो-गेलो, काय खाल्ले-प्यायले, कोणत्या कुशीवर ठेवले, काही वेगळे दिसले का. औषधांत स्वतःच्या मनाने बदल करायचा नाही, घरगुती उपायही नाहीत. अंगाला हात लागेल अशी कामे शक्यतो त्याच लिंगाच्या सेवकाने करावीत किंवा दोघांनी मिळून जावे. दागिने, उसने पैसे, मृत्युपत्र या विषयांत सेवकाने पडायचे नाही, आजाऱ्याने आग्रह केला तरीही.

पाय धुताना

हे काम प्रत्येकाने शिकून घ्यावे. यासाठी पंचवीस मिनिटे हाताशी ठेवा. लागणारे सामान: दोन भांडी, एकात साबणाचे पाणी आणि एकात साधे, दोन मऊ फडकी, एक कोरडा टॉवेल, खाली अंथरायला प्लॅस्टिक. आधी स्वतःचे हात साबणाने वीस सेकंद धुवा. पाणी अंगाच्या उष्णतेइतके, ३७ अंशांच्या आसपास असावे; ते कोपराने तपासा, बोटांनी नको. मधुमेह किंवा पक्षाघात असलेल्यांना चटका बसलेला कळत नाही आणि पाय भाजतो.

खाली बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या खाली येईल. हात लावण्यापूर्वी सांगा: ‘आता उजवा पाय घेते.’ टाच तळहातावर पेला आणि पाय उचला, अंगठ्याला धरून ओढू नका. मधुमेह असेल तर पाय पाण्यात भिजत ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. बोटांच्या बेचक्या फडक्याच्या कोपऱ्याने एकेक करून साफ करा, साबण साध्या पाण्याने पूर्ण काढा, मग टॉवेल दाबून टिपा, घासू नका. बेचक्यांत ओल राहिली की बुरशी होते. तेल किंवा क्रीम टाचेला आणि तळव्याला लावा, बेचक्यांत नाही. मधुमेही माणसाची नखे तुम्ही कापू नका, ते काम जाणकारावर सोडा.

आणि बघा. भेग, फोड, काळे पडलेले बोट, नवी सूज जे दिसेल ते वहीत लिहा आणि घरच्यांना सांगा. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला मालिश मुळीच करू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी, लगेच कळवा.

कूस बदलण्याचा सर्वसाधारण नियम दर दोन तासांचा आहे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर ते पाळा. ओढून सरकवू नका, कातडी सोलते. खालच्या चादरीला दोघांनी धरून उचला. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज बघा. लाल डाग बोटाने दाबा. बोट काढल्यावरही लालच राहिला तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, त्यावर चोळू नका, नर्सला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का ते हाताने पाहा. भरवताना माणूस ताठ बसलेला असावा आणि नंतरही अर्धा तास तसाच ठेवावा. ठसका लागू लागला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला की भरवणे थांबवा.

जखम, लघवी, रक्त यांच्याशी संबंध येईल तिथे हातमोजे घाला. हातमोज्यांनी प्रेम कमी होत नाही. इथे फादर देमियन या बेल्जियन धर्मगुरूचे उदाहरण बरेच जण उलटे देतात. तो १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेला आणि १८८९ मध्ये त्याच आजाराने तिथेच वारला. त्या काळी त्या रोगावर इलाज नव्हता. त्याचा त्याग संसर्ग ओढवून घेण्यात शोधू नये. सोळा वर्षे तो जखमा बांधत राहिला, घरे उभारत राहिला, शवपेट्या बनवत राहिला आणि सोडून गेला नाही, तो त्याग तिथे आहे.

बोलणे आणि प्रार्थना

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचे सगळे बरोबर होते; तोंड उघडल्यावर बिघडले. आजाराचे कारण सांगू नका. ‘विश्वास कमी पडतोय’ हे तर कधीच बोलू नका. प्रार्थना करू का असे विचारा, नाही म्हटले तर सहज सोडून द्या, हो म्हटले तर एक-दोन मिनिटांची आणि त्यांच्याच शब्दांतली करा. कुटुंब ख्रिस्ती नसेल तरी सेवा तीच आणि तेवढीच. ज्या सेवेच्या मागे मोबदल्याची अट आहे तो व्यवहार झाला.

त्या घरात पाहिलेले बाहेर नेऊ नका. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून घराघरातल्या गोष्टी मंडळीभर होतात, आणि ज्यांची अब्रू जाते ती माणसे पुन्हा दार उघडत नाहीत. फोटोही काढू नका. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला... हे वचन सगळ्यांना पाठ आहे, मोबाइल हातात आला की आठवत नाही.

पैसा

औषधपाण्यासाठी वर्गणी काढाल तर दोघांनी मिळून मोजा, दोघांनी सह्या करा, आणि हिशोब त्या कुटुंबाला दाखवा. यरुशलेमेसाठी गोळा केलेली देणगी नेताना पौलानेही सोबत माणसे घेतली होती, कोणी दोष ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). त्याच अध्यायात मासेदोनियाच्या मंडळ्यांनी गरिबीतून, शक्तीपलीकडे दिले असे आहे. आणि दुसऱ्यांना सुख व तुम्हांला ओढाताण व्हावी असा हेतू नाही, असेही आहे. दोन्ही वचने एकत्र वाचा. कोणी कर्ज काढून देऊ लागला तर त्याला थांबवा.

सेवक थकला की

आजाऱ्यावर चिडचिड, पाळीच्या आदल्या रात्री झोप न येणे, ‘माझ्याशिवाय कोण करणार’ असे वारंवार तोंडी येणे, यांतले काहीही दिसले की जुळवाजुळव करणाऱ्याने त्याला दोन आठवडे सुटी द्यावी आणि अपराधी वाटू देऊ नये. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला दोनदा खायला-प्यायला दिले, मधे झोपू दिले. बोलणे नंतर झाले (१ राजे १९). येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानेही वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाच्या जखमा स्वतः बांधल्या, रात्रभर सांभाळले, पण सकाळी दोन दिनार देऊन त्याला उतारशाळेच्या रखवालदाराकडे सोपवले आणि परत येईन असे सांगितले. दोन दिनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. काम दुसऱ्याच्या हाती दिल्याने त्याचे शेजारपण उणे झाले नाही.

मृत्यू झाला तर पाळ्या त्या दिवशी बंद करू नका. अंत्यविधीच्या आठवड्यात घर भरलेले असते, तेव्हा तुमची फारशी गरज नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येणारे थांबतात, आणि वर्षानुवर्षे दर दोन तासांनी उठायची सवय लागलेली ती पत्नी किंवा मुलगी रात्री तशीच जागी होते. वहीतल्या पाळ्या पुढचे सहा आठवडे तशाच चालू ठेवा, त्याच वारी, त्याच वेळी. मंगळवारी चारला बेल वाजू द्या. पाय धुवायचे नसतात आता, तिच्याजवळ बसायचे असते.