लष्करातली जिप्सी शांत करायची असेल तर मॅट शेवटी

बेळगावच्या शहापुरात आमचं कुशनचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली २२ वर्षं मी बघते. सीट, हूड, दरवाजाची ट्रिम, खालची मॅट, सगळं काम होतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, कॅम्प. त्यामुळे लष्करी गाडीचं वेड इथल्या पोरांच्या अंगातच आहे. लष्कराच्या लिलावात निघालेली मारुतीची जिप्सी कुठून कुठून आणतात, कागदपत्रं करून बेळगावचा के.ए. २२ चा नंबर लावतात आणि आठ दिवसांत माझ्या दारात उभे राहतात. "वहिनी, लई आवाज हाय बघा. खाली-वर सगळीकडं मॅट मारून द्या."

आवाज दाबणारी मॅट विकणं हा माझा धंदा आहे, तरी मी प्रत्येकाला परत पाठवते. आधी गाडीखाली जा, मग भोकं बुजवा, मग हूड ताणा, आणि मॅट सगळ्यात शेवटी. उलटं केलं की पैसे जातात, गाडी जड होते आणि दणके तसेच राहतात. हे मी आमच्याच गाडीवर शिकले. पंधरा दिवसांतून एकदा सासूबाईंना जांबोटीच्या पुढं गावी न्यावं लागतं आणि त्यांची कंबर दुखरी आहे.

लष्कराची जिप्सी मुळात वेगळ्या कामाची गाडी आहे. पुढं-मागं कमानपाटे, अखंड अॅक्सल, शिडीसारखी चॅसी. शस्त्रं, वायरलेस, माणसं असा ओझ्याचा हिशोब धरून पाटे ठेवलेले असतात. आपण त्यात दोघं बसून फिरतो, तेव्हा पाटे वाकतच नाहीत. वर कापडी हूड, आत उघडा पत्रा, आणि वायरलेसचे सेट काढून नेल्यावर उरलेली भोकं. जोंगा (लष्करातलीच दुसरी जुनी गाडी) किंवा जुनी जीप असली तरी गोष्ट हीच. मी जिप्सीचं सांगते कारण हात तिच्यावर बसलाय.

पहिलं काम म्हणजे आवाज ओळखणं. पहाटे रिकामा, सरळ, सपाट रस्ता बघा. टॉप गिअरमध्ये ६० चा वेग धरा आणि शेजारच्याला कान देऊन बसायला सांगा. मग इंजिन चालू ठेवूनच गाडी न्यूट्रल करा. आवाज एकदम पडला तर तो इंजिन, माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ती रबरं) किंवा सायलेन्सरचा. तसाच राहिला आणि वेगाबरोबर हळूहळू उतरला तर चाकं, प्रोपेलर शाफ्ट (ताकद अॅक्सलकडं नेणारा फिरता दांडा), ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी) किंवा वारा. उभ्या गाडीत रेस दिल्यावरही येत असेल तर चाकांकडं बघायचं कारणच नाही.

आता थोडं गणित, ते फार उपयोगी पडतं. २०५/७० आर १५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ६० च्या वेगात चाक सेकंदाला आठ फेऱ्या मारतं. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या जवळपास चौपट फिरतो, म्हणजे तीस-बत्तीस. क्रॉस जॉइंट म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा; त्याची थरथर शाफ्टच्या एका फेरीत दोनदा येते, म्हणजे साठ-पासष्ट. चार सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला १०० ठोके. फोनवर कंपन मोजणारी फुकटची अॅप मिळतात. मागं बसलेल्याने फोन जमिनीच्या पत्र्यावर घट्ट दाबून धरायचा आणि सगळ्यात उंच टोक कितीवर येतंय ते बघायचं. आठ दिसलं तर चाक, साठच्या घरात दिसलं तर क्रॉस. निम्मं निदान तिथंच होतं.

या आठचं एक महत्त्व आहे. बसलेल्या माणसाचा कणा वर-खाली हलण्याला सगळ्यात जास्त बोलतो तो सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांच्या पट्ट्यात. म्हणजे वाकडी रिम किंवा एका जागी झिजलेला टायर ३० ते ६० च्या वेगात नेमका कंबरेवर वार करतो, आणि जांबोटीच्या रस्त्यावर आपण चालतो तोच वेग. सासूबाई "हाडं खिळखिळी झाली गं" म्हणायच्या, तेव्हा मी सीटमध्ये आणखी फोम भरत बसले होते. चुकलं माझं. चाक जॅकवर उचलून शेजारी वीट ठेवली, विटेवर खडू धरला आणि चाक हाताने फिरवलं. खडू एकाच बाजूला घासला. रिम वाकडी होती.

टायरचं एवढंच: बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे जाड नक्षीचे टायर तळाला चपटे झालेले असतात, रबरही कडक होतं. ते बदला. रस्त्याच्या नक्षीचे घेतले की निम्मा गुणगुणाट तिथंच जातो. हवा रिकाम्या गाडीला ठासून भरू नका. मी २४ पीएसआय ठेवते, भाताची पोती टाकायची असली तर वाढवते.

शाफ्टबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथं वाया घालवतात. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते, म्हणून शाफ्ट तीन: एक छोटा मधला, एक पुढं जाणारा, एक मागं जाणारा. आमच्या गाडीची रिम सरळ केल्यावर आठचा दणका गेला, पण ५५ ला सुरू होऊन ६५ पर्यंत चालणारी एक बारीक थरथर राहिली. दोनदा बॅलन्सिंग केलं, दोन टायर नवे घातले. काही फरक नाही. शेवटी माझे दीर, उद्यमबागेत टर्नर आहेत, रविवारी सकाळी गाडीखाली गेले. पुढच्या चाकांना विटा, मागचा अॅक्सल उचलून स्टँडवर, गिअर न्यूट्रल. जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जाऊ नये, हे सांगायची गरज पडू नये. बॅटरी मारून ते खालूनच म्हणाले, "वैनी, काटे बघा की. एक उभा आणि एक कलंडलाय."

शाफ्टच्या दोन टोकांना दोन काटे असतात आणि ते एका रेषेत असावे लागतात. क्रॉस जॉइंट तिरका चालला की एका फेरीत दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा काटा त्याच रेषेत असेल तर तो ही चूक उलटी करून मिटवतो. कुणीतरी आधी ग्रीस भरायला मधला दातेरी सांधा ओढून काढला होता आणि परत बसवताना दोन-तीन दात सरकले होते. एवढ्यानंच गाडी थरथरत होती. सांधा काढून ओळीत बसवायला पाऊण तास लागला. थरथर गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: शाफ्ट खोलायच्या आधी दोन्ही अर्ध्यांवर ऑइल पेंटचा एकच पट्टा ओढून घ्या.

तिथं असतानाच क्रॉसच्या वाट्यांकडं बघा. कडेला विटकरी पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात. ग्रीस भरून उपयोग नाही, क्रॉस बदला. शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून कट्-कट् येतंय का बघा. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्या) लावले असतील तर मागचा कोन बदललेला असतो, आणि मग नवा क्रॉसही थरथरतो.

माउंटिंगचं रबर जुन्या गाडीत लाकडासारखं झालेलं असतं. ट्रान्सफर केस तीन रबरांवर टेकलेली असते. बार लावून हलकं उचललं की तडे उघडतात. ती तिन्ही आणि इंजिनची रबरं एकदम बदला. टिकाऊ म्हणून पॉलियुरेथेनचे कडक बुश घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते डोंगरात खेळणाऱ्यांसाठी ठीक. घरच्यांना घेऊन जायच्या गाडीत ते प्रत्येक कंपन इमानेइतबारे चॅसीवर पोचवतात. पाटे सोडवून, घासून, ग्राफाइट ग्रीस लावून बसवा, शॅकलचे बुश नवे घाला. एखादा पाटा काढून टाकायची युक्ती मी करत नाही, ओझं पडलं की मेन पाट्यावर येतं. मागचा टोइंग हुक, जेरीकॅनची चौकट, फावड्याच्या कड्या हाताने हलवून बघा. कितीतरी खडखडाट तिथलाच निघतो, रबराचा एक तुकडा पुरतो.

आता भोकं. यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून आकडा सांगते. पत्र्याच्या शंभर भागांपैकी एकच भाग उघडा राहिला, तर बाकीचे नव्याण्णव कितीही जाड करा, २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. रात्री अंधारात गाडीच्या आत झगझगीत बल्ब लावा आणि खालून, बॉनेट उघडून पुढूनही बघा. आमच्या गाडीत अकरा ठिकाणी उजेड दिसला: सेट बसवायच्या बोल्टांची भोकं, अँटेनाच्या वायरीची वाट, पेडलच्या कडा, स्टिअरिंगचा खांब, आणि गिअर व ट्रान्सफर केस अशा दोन्ही लिव्हरचे फाटके बूट, म्हणजे बुडाची टोपणं. लहान भोकांना रबरी ग्रोमेट, मोठ्यांना पत्र्याची टिकली रिबीट मारून आणि कडेला सीलंट. लिव्हरचे बूट मी दुहेरी शिवते, आत रबर, वर रेग्झिन. एकेरी रेग्झिनमधून ट्रान्सफर केसची कुई सरळ वर येते.

भोकं बुजवायच्या आधी सायलेन्सर तपासाच. सांध्यावर काळं दिसलं, फुसफुस आली तर आधी ते दुरुस्त करा. हूडचा मागचा पडदा उघडा ठेवून चालवलं तर धूर आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही आणि माणूस बसल्या जागी गुंगतो. मागं लहान मुलं बसणार असतील तर यात दुसरं मत नकोच.

हूड हे माझं खास काम. ७० च्या पुढं निम्मा आवाज कापडाच्या फडफडीचा. दोन कमानींच्या मधे अंगठ्याने दाबून बघा. कापड बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त खाली गेलं तर ते ढिलं आहे. सुती कॅनव्हास पाण्याने आक्रसतं, म्हणून कापण्याआधी ते भिजवून वाळवून घेते, नाहीतर पहिल्याच पावसात बटणं उपटून येतात. कोटिंगवालं कापड आक्रसत नाही, ते पहिल्यापासूनच ताठ मापाचं शिवावं लागतं. लोखंडी कमानींवर जाड निवारपट्टी गुंडाळून शिवते, म्हणजे कापड लोखंडावर आपटत नाही. काचेच्या चौकटीवर जिथं हूड बसतं तिथं पोकळ रबरी बीडिंग घाला, शिट्टी तिथूनच येते. आणि परवडत असेल तर आतून दुसरं अस्तर घ्या, दोन कापडांत दोन बोटं अंतर ठेवून. माझ्या मते मॅटच्या आधी पैसे इथं घालावेत.

एवढं सगळं झाल्यावर मॅट. पत्र्यावर बोटाची गाठ वाजवा. 'टण्ण' वाजतंय तिथंच अॅल्युमिनियमच्या पाठीची ब्युटाइल शीट लावायची, आणि तीही पत्र्याच्या मधोमध, तिसरा हिस्सा झाकला तरी पुरे. 'ठप्प' वाजायला लागलं की थांबा. आधी गंज घासून प्रायमर, रंग, मग स्वच्छ पुसून शीट, आणि रोलरने चमकी सपाट होईपर्यंत दाबा. (रंग बाहेरूनही काढणार असाल तर लक्षात ठेवा, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, मोटार वाहन नियमांत तसं स्पष्ट आहे.) शीटवर बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम, त्यावर जड रबर. नमदा, फेल्ट किंवा साधा स्पंज घालू नका. जांबोटीपलीकडच्या कणकुंबीचा पाऊस चार महिने आत येणारच. स्पंज पाणी धरतो आणि पत्रा खालून खातो. अशी एक जीप माझ्याकडं आली होती. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हातात आला. पाणी जायची भोकं झाकू नका, सायलेन्सरच्या वरच्या भागावर फोम लावू नका.

सीटला ४० डेन्सिटीचा फोम, खाली ताणलेली निवार. मऊ फोम पहिल्या खड्ड्यात तळाला टेकतो. सीटच्या बोल्टखाली रबर घालू नका, ते बोल्ट आवळलेलेच हवेत.

आमच्या गाडीत ६० ला फोनवर आधी ८९ डेसिबल दिसायचे, आता ८१. फोनचा आकडा काट्यावर खरा नसतो, पण एकाच फोनने आधी-नंतर मोजलं की फरक कळतो. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ म्हणजे जेमतेम तीन तास. ट्रान्सफर केसची थोडी कुई उरली आहे, ती गिअरच्या दातांची, तिच्या मागं लागले नाही. सासूबाई मागच्या सीटवरून माझ्याशी बोलतात आणि मला मान न वळवता ऐकू येतं.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरनं पाटे अॅक्सलला धरणारे यू-बोल्ट परत आवळा. मे संपायच्या आत हूडवर पाइपने पाणी मारून आत बसून बघा, आणि मॅटची एक कड उचलून खाली ओल आहे का ते दर पावसाळ्यात दोनदा तपासा.