आलेखावर ‘नाशिक’ नीट कसं लिहावं? मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी लेबलं

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या 15 तालुक्यांच्या पावसाचा स्तंभालेख मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेतल्या आलेख काढण्याच्या लायब्ररीत काढायचा आहे. इगतपुरीचा स्तंभ उंच, येवल्याचा बुटका, सगळं जागच्या जागी. अडतं ते नावांपाशी. आधी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट बदलला की अक्षरं येतात, पण ‘नाशिक’चं ‘नाशकि’ होतं आणि ‘त्र्यंबकेश्वर’ची जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेले दिसतात. इथे बरेच जण कंटाळून रोमन लिपीत नावं टाकतात. तसं करू नका. आलेख गावातल्या लोकांना दाखवायचा असेल, तर तो त्यांना आपल्या लिपीत वाचता आलाच पाहिजे.

चौकोन घालवा. मॅटप्लॉटलिबबरोबर येणाऱ्या डेजावू सॅन्स या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्त हा फॉन्ट संगणकावर बसवा. मग आरसीपॅराम्समधल्या (rcParams, मॅटप्लॉटलिबच्या मूळ सेटिंगांची यादी) ‘फॉन्ट.फॅमिली’ला एकच नाव न देता यादी द्या: आधी मराठी फॉन्ट, मागोमाग डेजावू सॅन्स. आवृत्ती 3.6 पासून पहिल्या फॉन्टमध्ये नसलेलं चिन्ह पुढच्या फॉन्टमधून घेतलं जातं. नवा फॉन्ट सापडत नाही अशी तक्रार आली, तर फॉन्ट मॅनेजरच्या ‘अ‍ॅडफॉन्ट’ला फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

मग वेलांटी आणि जोडाक्षरं. खरी मेख इथे आहे. आपण ‘शि’ टाइप करतो तेव्हा संगणकात आधी श साठवला जातो, मग वेलांटी. दाखवताना ती श च्या आधी न्यावी लागते, जोडाक्षरांचे आकार बदलावे लागतात. ब्राउझर हे काम करतो. मॅटप्लॉटलिबच्या 3.10 पर्यंतच्या आवृत्त्या मात्र चिन्हं साठवलेल्या क्रमानेच मांडतात, म्हणून वेलांटी पुढच्या क ला चिकटल्यासारखी दिसते. फॉन्ट कितीही बदलले तरी हा दोष जात नाही.

उपाय असा: अक्षरं मांडण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवा. आरसीपॅराम्समध्ये ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ची किंमत ‘नन’ (none) ठेवा. हा शब्द अवतरणचिन्हांत आणि सगळा लहान इंग्रजी अक्षरांत लिहायचा. पायथनचं मोठ्या अक्षराने सुरू होणारं नन (None) वेगळं. आता ‘सेव्हफिग’ने आलेख एसव्हीजी (रेषा आणि मजकूर वेगवेगळे साठवणारा चित्रप्रकार) म्हणून जतन करा. फाइलमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच राहतो, आणि ती इंकस्केप या चित्रं संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ‘त्र्यंबकेश्वर’ अखंड दिसतं. तिथूनच पीडीएफ किंवा पीएनजी काढा. एसव्हीजी तशीच कुणाला पाठवू नका. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तर लेबलांचं रूप बदलतं. पायथनच्या खिडकीत नावं मोडकीच दिसत राहतील, तिकडे लक्ष देऊ नका. प्रबंध झीलाटेक (XeLaTeX) या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांना पीजीएफ बॅकएंडचा, म्हणजे अक्षरं मांडण्याचं काम त्या प्रणालीकडेच देण्याचा, मार्गही आहे.

लेबलं लिहा. ‘सेट एक्सलेबल’, ‘सेट वायलेबल’ आणि ‘सेट टायटल’ या तीन आज्ञा पुरतात. एकक विसरू नका: नुसता ‘पाऊस’ नको, ‘सरासरी वार्षिक पाऊस (मि.मी.)’ हवं. 15 नावं आडव्या अक्षावर मावत नाहीत. ‘रोटेशन’ 45 आणि ‘एचए’ ‘राइट’ ठेवून ती तिरकी करता येतात, पण माझं स्पष्ट मत आहे की तिरकी शिरोरेषा वाचायला त्रास देते. त्यापेक्षा ‘बारएच’ वापरून स्तंभच आडवे करा. त्यात पहिलं नाव तळाशी जातं; ‘इन्व्हर्ट वायअ‍ॅक्सिस’ने क्रम उलटा करा.

मोठे आकडे असतील, उदाहरणार्थ लासलगावची कांद्याची आवक, तर ‘फंकफॉर्मॅटर’ने 1,00,000 असे आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम घाला. सूत्र लिहायचं असेल तर ते दोन डॉलरचिन्हांमध्ये ठेवा, मराठी शब्द त्यांच्या बाहेर. आणि अवतरणाआधी आर हे अक्षर लावा; नाहीतर थीटाच्या आज्ञेतला तिरका दंड आणि टी मिळून टॅब होतो.

आकार तपासा. अक्षरांचा मूळ आकार 10 पॉइंट, आकृतीची मूळ रुंदी 6.4 इंच. ती आकृती अहवालात 3.2 इंचांवर आणली की अक्षरं 5 पॉइंटची होतात, आणि रफार-अनुस्वार दिसेनासे होतात. म्हणून ‘फिगसाइझ’ सुरुवातीलाच छपाईच्या मापाचा द्या, ‘सेव्हफिग’मध्ये ‘बीबॉक्स इंचेस’ ‘टाइट’ ठेवा, आणि एक प्रत कागदावर काढून ‘दिंडोरी’वरचा अनुस्वार दिसतो का ते पाहा.